डिकीच्या दारातल्या तुटक्या तारा

घरातल्या इस्त्रीची वायर नेमकी कुठून तुटते हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? मधोमध नाही तुटत. जिथे ती इस्त्रीच्या मुठीत शिरते, त्या मानेपाशीच तुटते. मिक्सरचं तेच, मोबाईलच्या चार्जरचंही तेच. हात पुढे-मागे झाला की ती जागा वाकते. रोज वाकते, वर्षानुवर्षं वाकते आणि एक दिवस आतली तांब्याची तार मोडते. बाहेरून पाहावं तर वायर अगदी धडधाकट! एवढं ज्या गृहिणीला कळतं, तिला मोटारीच्या मागच्या दारातल्या तारांचा बिघाडही कळू शकतो. आज त्याविषयीच लिहिणार आहे.

तुम्ही म्हणाल, ही बाई लोणची-पापड सोडून मोटारी दुरुस्त करायला निघाली की काय! पण खरं सांगू, छोटी मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. गावोगावी कितीतरी घरांपुढे एखादी जुनी गाडी उभी असते. मुलांना क्लासला सोडायचं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, आठवड्याचा बाजार आणायचा, सगळं तिच्यावर. आणि ती चालवणारी पुष्कळदा घरची बाईच असते. मग तिचं दुखलं-खुपलं आपल्याला नको का कळायला?

आमची गाडी पंधराव्या वर्षात होती तेव्हाची ही गोष्ट. पाच दारांची, म्हणजे मागचं दार काचेसकट वर उघडतं तशी. ऐन आषाढात त्या मागच्या दाराने असहकार पुकारला. आधी मागच्या काचेचा वायपर बंद पडला. मग नंबरप्लेटवरचा दिवा गेला. मागच्या काचेवर ज्या बारीक तपकिरी रेघा असतात ना, त्या तापल्या की काचेवरची वाफ निघून जाते. त्याही थंड पडल्या. शेवटी काचेच्या वरच्या अंगाला असतो तो ब्रेकचा तिसरा दिवा कधी लागू लागला, कधी नाही.

हे दिवे म्हणजे शोभेचे नव्हेत. आम्ही चिपळूणला राहतो आणि माझं माहेर कराडला. मध्ये कुंभार्ली घाट. पावसाळ्यात त्या घाटात भरदिवसा असं धुकं उतरतं की पुढचं वळण दिसत नाही. तिथे मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपण ब्रेक दाबल्याचं कळायला हवं, आणि आपल्याला मागच्या काचेतून तो ट्रक दिसायला हवा. दोन्ही मुलं मागच्याच बाकावर बसलेली असतात हो!

दुसरी काळजी सरकारी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी आर.टी.ओ.त नेऊन तपासून घ्यावी लागते आणि मग पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. त्या तपासणीत दिवे बघतातच. रात्री नंबरप्लेटवर उजेड असलाच पाहिजे असा नियमच आहे. आमची मुदत जवळ आली होती.

गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी दोन बटणं दाबून पाहिली आणि सांगितलं, "मागच्या दाराचा वायरिंगचा अख्खा जुडगा बदलावा लागेल. मजुरीसकट नऊ हजार." घरी आल्यावर हे म्हणाले, "अगं, जुन्या गाडीत किती पैसे घालायचे? विकून टाकू." त्यांचं म्हणणं हिशेबाने चुकीचं नव्हतं. पण मी ज्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस शिकवायला जाते, ती गावापासून चौदा किलोमीटरवर आहे आणि तिथल्या एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. गाडी गेली की माझं शिकवणंही गेलं. म्हणून म्हटलं, विकायच्या आधी निदान दुखणं कुठे आहे ते तर पाहू.

शेजारी एक काका आहेत. वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दार उघडं असताना दिवा लागतो की मिटल्यावर?" पाहिलं तर खरंच गंमत! दार अर्धवट उघडलं की नंबरप्लेटचा दिवा लागे आणि मिटलं की विझे. काका हसून म्हणाले, "मग बल्बला कशाला दोष देतेस? तारा वाकतात तिथेच बघ."

आता ही वाकण्याची जागा कुठली ते सांगते. मागचं दार वरच्या दोन बिजागऱ्यांवर लटकलेलं असतं. छपरातून दारात तारा जातात त्या बिजागरीजवळच्या एका रबरी नळीतून. ही नळी घडीघडीची असते, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी. पाणी आत जाऊ नये आणि तारांना वाकायला जागा मिळावी म्हणून. दार उघडलं की भाता ताणतो, मिटलं की दुमडतो. दिवसातून सहा वेळा दार उघडलं असं धरलं, तर पंधरा वर्षांत जवळजवळ ३३ हजार वेळा त्या तारा वाकल्या! त्यात उन्हाने आणि वयाने तारेवरचं प्लॅस्टिक कडक होतं, त्याला चिरा पडतात. फियाट-अँबॅसेडरच्या काळी डिकीचं झाकण म्हणजे नुसता पत्रा. त्यात तारा त्या किती असणार? आताच्या मागच्या दारात वायपर, काच तापवायच्या रेघा, दिवे, विजेचं कुलूप असं सगळं बिऱ्हाड असतं. म्हणून पाच दारांच्या जुन्या गाड्यांचं हे अगदी नेहमीचं दुखणं आहे.

आणखी एक विचित्र प्रकार होत होता. ब्रेक दाबला की नंबरप्लेटचा दिवा मिणमिण करायचा. मुलांना वाटलं, गाडीत भूत शिरलं! पण त्याचंही कारण साधं आहे. वीज जायला जशी तार लागते, तशी परत यायलाही वाट लागते. गाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. पण मागचं दार रंग आणि ग्रीस लागलेल्या बिजागऱ्यांवर लटकलेलं, तिथून वीज नीट परतत नाही. म्हणून दारासाठी परतीची एक वेगळी तार दिलेली असते, बहुधा काळी. तिला अर्थची तार म्हणतात. ती तुटली की वीज दुसऱ्याच एखाद्या दिव्यातून उलटी वाट शोधते. गल्लीतलं गटार तुंबलं की आपलं पाणी शेजारणीच्या मोरीतून वर येतं ना, तसंच हे. तेव्हा एक बटण दाबलं आणि भलताच दिवा मिणमिणला, तर आधी काळ्या तारेवर संशय घ्या.

मात्र भात्याला हात घालण्यापूर्वी दोन सोप्या गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे बल्ब. दुसरी म्हणजे फ्यूज. गाडीच्या पुस्तकात फ्यूजची पेटी कुठे आहे ते दिलेलं असतं. हल्लीचे चपटे फ्यूज रंगावरून ओळखता येतात. दहा अँपियरचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा. उडालेला फ्यूज त्याच रंगाच्या फ्यूजनेच बदलायचा. तो पुनःपुन्हा उडत असेल, तर कुठेतरी उघडी तार पत्र्याला टेकते आहे असं समजा. मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालून त्याला गप्प बसवायचं नाही. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवायला. त्याला अडवलं तर त्याच्याऐवजी तार जळते.

आमचे फ्यूज आणि बल्ब ठीक होते. मग एका रविवारी दुपारी, पावसाने उघडीप दिल्यावर, काम सुरू केलं. काका खुर्ची टाकून बसले आणि हात मात्र माझे.

पहिलं काम बॅटरी सोडवायचं. बॅटरीची उणे खूण असलेली काळी तार आधी काढायची आणि शेवटी लावायची. का? तर अधिक बाजू आधी सोडायला गेलात आणि हातातला पाना चुकून पत्र्याला टेकला, तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. काळी आधी काढली की ती भीती नाही. गाडीची वीज बारा व्होल्टची. घरातल्या २३० व्होल्टसारखा झटका ती देत नाही. पण बॅटरीत ताकद पुष्कळ असते, पाना लालबुंद करण्याइतकी. हातात बांगड्या, अंगठी असेल तर काढून ठेवा. धातू तो धातूच, मग तो सोन्याचा का असेना.

दुसरं, मागच्या दाराला एक भक्कम काठी टेकवून ठेवा. दार तोलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या जुन्या गाडीत कमजोर झालेल्या असतात, आणि दार डोक्यात आलं तर तारा राहतील बाजूला.

मग दाराच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर काढलं. ते खटक्यांवर बसवलेलं असतं. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घातला तर खटके तुटतात आणि ओरखडे पडतात. मी लाकडी कालथ्याला फडकं गुंडाळून एकेक खटका उचलला. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "कालथा परत स्वयंपाकात आणू नकोस हो!"

रबरी भात्याची दोन्ही टोकं पत्र्याच्या भोकात नुसती खोचलेली असतात. हलकेच पिळून ओढली की सुटतात. भाता बाजूला सरकवला आणि आत जे दिसलं ते पाहून काकाही गंभीर झाले. सात तारा होत्या. काळी पूर्ण तुटलेली. आणखी एक तुटलेली. एकीचं प्लॅस्टिक सोलून तांबं उघडं पडलं होतं, पत्र्यापासून बोटभर अंतरावर. वायपरचं दुखणं म्हणता म्हणता एखाद्या दिवशी आगीचं झालं असतं.

बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या तारांवरही विश्वास ठेवू नका. आवरण शाबूत आणि आतलं तांबं मोडलेलं, असं होतं. हलक्या हाताने ओढून पाहिलं की मोडलेली तार रबरासारखी लांबते. मल्टिमीटर असेल तर तारेच्या दोन्ही टोकांना त्याच्या सुया लावायच्या. तार अखंड असेल तर तो 'पीं' असा आवाज करतो. हे पाहताना तार वाकवत राहायची. वाकवताना आवाज तुटला तर तीही बदलायची. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि घरात कितीतरी कामांना येतो.

आता मुख्य गोष्ट. तुटलेली दोन टोकं जागच्या जागी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे काम झालं का? नाही. तुटली तीच जागा पुन्हा वाकणार, आणि चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटून तिचा चिकटा होणार. डाख दिला तरी तोच प्रश्न. डाखाची जागा कडक होते आणि तिच्या कडेलाच तार मोडते. कोपरावर विरलेल्या सदऱ्याला आपण ठिगळ कसं लावतो? विरलेल्या भागावर नाही शिवत, त्याच्या पलीकडच्या सशक्त कापडावर शिवतो. इथेही तेच. भात्यातून जाणारा सगळा जुना तुकडा काढून टाकायचा, नवी तार थोडी लांब घ्यायची आणि सांधे भात्याच्या बाहेर घ्यायचे, एक छपराच्या बाजूला आणि एक दाराच्या आत, जिथे काहीही वाकत नाही.

नवी तार घेताना दुकानदाराला मोटारीची, पुष्कळ बारीक धाग्यांची तांब्याची तार मागा. घराच्या भिंतीतली एकेरी जाड तार चालत नाही, ती दहा वेळा वाकवली की मोडते. जाडी जुन्या तारेइतकी तरी हवीच. काच तापवणाऱ्या रेघांची तार सगळ्यांत जाड असते, कारण ती वीज जास्त ओढते. तिथे बारीक तार घातली तर ती स्वतःच तापेल. अर्थची तारही बारीक घेऊ नका, कारण सगळ्यांची परतीची वाट तीच.

एका वेळी एकच तार कापायची आणि ती जोडून झाल्यावर दुसरी घ्यायची. सगळ्या एकदम कापल्या तर रंगांचा गोंधळ ठरलेला. मी आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवले आणि वहीत रंगही लिहून घेतले. सांधे मात्र एकासमोर एक येऊ द्यायचे नाहीत. वेणीच्या पेडांसारखे पुढे-मागे ठेवायचे, म्हणजे एका जागी गाठ होत नाही आणि दोन सांधे एकमेकांना टेकत नाहीत.

नव्या तारा भात्यातून ओवायच्या कशा? परकरात नाडी घालतो तशा! टोकाला जाडसर दोरा बांधला, तो आधी ओवून घेतला आणि त्याने तारा ओढल्या. भात्यात थोडी टाल्कम पावडर टाकली की तारा अडत नाहीत. आत तारा ताणून बसवायच्या नाहीत, थोडी ढील ठेवायची.

जोडण्याआधी तांबं स्वच्छ हवं. जुन्या तारेचं तांबं काळं पडलेलं असेल, तर लखलखीत तांबं लागेपर्यंत ती मागे कापत जायची. कल्हईवाला भांडं आधी घासून नवसागराने साफ करायचा, तेव्हाच कथील धरायचं ना? डाखातही कथीलच असतं, आणि डाखाच्या तारेत सफाईसाठी राळ भरलेली असते. मात्र नवसागर किंवा ॲसिड तारांना लावू नका, ते तांबं खात राहतं. डाख देण्यापूर्वी तारेत श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, ओवून दूर सरकवून ठेवायची. सांधा झाल्यावर ती ओवता येत नाही. मग दोन्ही टोकं एकमेकांत गुंफायची, त्यांना खालून तापवायचं आणि वरून डाख लावायचा. तो तारेत पाण्यासारखा झिरपला की सांधा पक्का. थंड झाल्यावर नळी वर सरकवून गरम हवेने आवळायची. साध्या डाखात शिसं असतं. म्हणून हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही, लहान मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही आणि झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवायचे.

सातही तारांना मला दोन दुपारी लागल्या. भाता परत बसवताना त्याची कड भोकात सगळीकडे नीट बसली ना, हे बोट फिरवून पाहिलं. ती एका जागी जरी वर राहिली तरी पावसाचं पाणी दारात उतरतं. मग बॅटरी जोडली, आणि लगेच अस्तर लावण्याची घाई न करता आधी सगळं तपासलं. दार वर-खाली करत असताना धाकटीला बटणं दाबायला बसवलं. वायपर, नंबरप्लेट, ब्रेक. काच तापली की नाही हे तळहात टेकवून पाहिलं. दार दहा वेळा आपटलं. एकही दिवा हलला नाही. धाकटी ओरडली, "आई, भूत गेलं!" हे ऑफिसातून आले, दिवे पाहिले, आणि विकण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

खर्च? तार, नळ्या, डाख मिळून ३८० रुपये. डाख द्यायची इस्त्री काकांची. गॅरेजवाल्यांवर माझा मुळीच राग नाही. एकेक तार जोडत दोन दिवस घालवणं त्यांना परवडत नाही, म्हणून ते पूर्ण जुडगा बदलायला सांगतात. तुम्हाला स्वतः करायचं नसेल तरी हरकत नाही. एखाद्या चांगल्या वायरिंगवाल्याकडे जाऊन एवढंच म्हणा, "दादा, मागच्या दाराच्या भात्यातल्या तारा जरा उघडून पाहता का?" नेमकं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम नेमकंच होतं.

काही ठिकाणी मात्र हात घालू नका. पिवळ्या वेष्टनातल्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात, त्या सोडून द्या. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांतल्या जाड नारिंगी तारांना तर स्पर्शही नको. तिथे जिवावर बेतेल इतका दाब असतो. गाडी वॉरंटीत असेल तर तिथे आपली कारागिरी दाखवू नये. आणि जळका वास येत असेल, तर गाडी थांबवून आधी जाणत्याला बोलवा.

आमची गाडी तपासणीत पास झाली. भाद्रपदात गौरींसाठी कराडला गेलो, तेव्हा घाटात नेहमीसारखंच धुकं होतं. मी बटण दाबलं, मागची काच हळूहळू स्वच्छ झाली आणि मागच्या ट्रकचे दिवे दिसू लागले. प्रत्येक वळणावर मी ब्रेक दाबला की तो अंतर ठेवत होता. मागे मुलं झोपली होती.

आता तुमच्यासाठी एक छोटं काम. आज रात्री गाडी घराच्या भिंतीकडे पाठ करून उभी करा. आरशात बघत ब्रेक दाबा. भिंतीवर तीन ठिकाणी लाल उजेड पडायला हवा. मग दिवे लावून खाली उतरा आणि नंबर नीट वाचता येतो का पाहा. शेवटी मागचं दार सावकाश वर-खाली करा. कुठलाही दिवा डोळे मिचकावू लागला, तर भात्यातल्या तारा थकल्या आहेत असं समजा, आणि पुढच्या प्रवासाआधी त्यांच्याकडे बघा.